केअर वर्करचा पगार आणि एनएचएसचा पगार: तुम्ही परत परत विचारता ते प्रश्न

इंग्लंडात केअरमध्ये, म्हणजे म्हाताऱ्या-अपंग माणसांच्या देखभालीचं, काम करणाऱ्या आपल्या मराठी लोकांचे मेसेज मला सतत येत असतात, कोणी व्हिसावर आलेलं, कोणी स्विंडनमधलं गोवेकर कुटुंब, कधीकधी तर गावाकडून आईवडीलच विचारतात की मुलीला नक्की किती मिळायला हवं. तेच तेच प्रश्न येतात म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवलंय. मी स्वतः चार वर्षं डोमिसिलरी केलं, म्हणजे घरोघरी जाऊन केअर, आणि आता एनएचएसच्या (इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या) वॉर्डात एचसीए, म्हणजे हेल्थकेअर असिस्टंट, आहे, त्यामुळे दोन्हीकडच्या पेस्लिप माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत. वेगळं सांगितलं नसेल तिथे आकडे इंग्लंडचे आणि २०२५-२६ चे धरा.

१. केअर वर्कर आणि एचसीए यात फरक काय? काम तर सेमच वाटतं.

काम खूपसं सेमच आहे. आंघोळ घालणं, पॅड बदलणं, हॉइस्टने (माणूस उचलायच्या यंत्राने) बेडवरून खुर्चीत बसवणं, भरवणं, कातडी कुठे लाल झालीये का बघणं, रात्री घाबरलेल्या माणसाजवळ बसणं. वॉर्डात बीपी, शुगर, ऑब्झर्वेशन्स जास्त असतात आणि पाठीशी नर्स उभी असते. डोमिसिलरीत त्या घरात तुम्ही एकट्या असता, आजोबा जमिनीवर पडलेले दिसले तर निर्णय तुम्हालाच घ्यायचा असतो. ट्रेनिंगचंही बघा, एप्रिल २०१५ पासून जे केअर सर्टिफिकेट सुरू झालं ते हॉस्पिटलातल्या एचसीएला आणि केअर होममधल्या वर्करला एकच आहे. म्हणजे शिकवताना दोघी सारख्या आणि पगार देताना वेगळ्या, आणि याचं एकमेव कारण म्हणजे पेस्लिपवर मालक म्हणून कोणाचं नाव आहे.

२. आकड्यात सांगा ना, कोणाला किती?

एनएचएसमध्ये २००४ पासून अजेंडा फॉर चेंज नावाची एकच वेतनश्रेणी आहे, डॉक्टर आणि अगदी वरचे मॅनेजर सोडले तर सगळे तिच्यात. तिच्यातल्या पायऱ्यांना बँड म्हणतात, एचसीए साधारण बँड २ किंवा ३ ला असतात. बँड २ ला वर्षाला २४,४६५ पौंड, म्हणजे तासाला १२.५१. बँड ३ ला २४,९३७ पासून २६,५९८ पर्यंत. केअरमध्ये अशी श्रेणीच नाही, खाली फक्त कायद्याचं किमान वेतन आहे, नॅशनल लिव्हिंग वेज, ते तासाला १२.२१ (एप्रिल २०२६ पासून १२.७१). त्याच्यावर किती द्यायचं ते कंपनीच्या मनावर, आणि बहुतेक कंपन्या जरासंच वर देतात.

३. ताई, मग तासाला तीस पेन्सचाच फरक झाला की, एवढं काय त्यात?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि मी पण पहिल्यांदा असाच विचार केला होता. पण खरा फरक तासाच्या रेटच्या बाहेर आहे.

रविवार घ्या. एनएचएसमध्ये बँड २ ला रविवारी आणि बँक हॉलिडेला (सरकारी सुट्टीला) ८३ टक्के जास्त मिळतात, शनिवारी आणि रात्री ८ ते सकाळी ६ मध्ये ४१ टक्के जास्त. म्हणजे रविवारचा तास झाला जवळजवळ २२.८९ चा. साडेसात तासांच्या शिफ्टला १७१ पौंडांच्या वर. केअरमध्ये बऱ्याच ठिकाणी रविवार आणि मंगळवार एकच रेट, किमान वेतनाने त्याच साडेसात तासांचे ९१ पौंड आणि वर थोडी चिल्लर. एका रविवारी ८० पौंड कमी! आणि केअरमध्ये रविवार चुकत नाहीत, माणसाला रविवारी पण उठवावंच लागतं, जेवायला घालावंच लागतं.

आजारपण. एनएचएसमध्ये पाच वर्षं पूर्ण झाली की सहा महिने पूर्ण पगार आणि पुढे सहा महिने अर्धा, अगदी पहिल्या वर्षी सुद्धा एक महिना पूर्ण आणि दोन महिने अर्धा. केअरमध्ये बहुतेकांना फक्त स्टॅच्युटरी सिक पे, आठवड्याला ११८.७५ पौंड, आणि त्यातही पहिले तीन दिवस काहीच नाही (नवीन कायद्याने एप्रिल २०२६ पासून ही तीन दिवसांची अट जाते). मला डोमिसिलरीत असताना नोरोव्हायरस झाला होता, ८५ वर्षांच्या बाईच्या घरी त्या अवस्थेत जाणं म्हणजे गुन्हाच, पण घरी बसलं की त्या आठवड्याचं भाडं कुठून काढायचं. मी घरी बसले, आणि त्या महिन्यात भाड्यासाठी बहिणीकडून पैसे घेतले.

सुट्ट्या. एनएचएसमध्ये सुरुवातीलाच २७ दिवस आणि वर ८ बँक हॉलिडे, दहा वर्षांनी ३३ आणि ८. केअरमध्ये कायद्याचे २८, बँक हॉलिडे त्यातच धरून.

पेन्शनबद्दल कोणी विचारत नाही, आणि मोठा पैसा तिथेच आहे. एनएचएस तुमच्या पगाराच्या २३.७ टक्के पेन्शनमध्ये घालते. केअर कंपनीला कायद्याने किमान ३ टक्के, आणि ते सुद्धा पगाराच्या एका ठराविक भागावरच. तिशीत हे कळत नाही, साठीत कळतं.

४. पण एवढा फरक पडलाच कसा? मुद्दाम केलंय का?

मुळात १९४८ मध्येच दोन वाटा झाल्या. ५ जुलै १९४८ ला एनएचएस सुरू झाली, सगळ्यांना फुकट, पैसा केंद्र सरकारच्या टॅक्समधून. त्याच वर्षीच्या नॅशनल असिस्टन्स ॲक्टने म्हाताऱ्या आणि अपंग लोकांची निवासी केअर कौन्सिलकडे, म्हणजे स्थानिक पालिकेकडे, दिली, आणि तिथे ज्याची ऐपत आहे त्याने पैसे भरायचे. म्हणजे आजारी पडला तर देश बघणार आणि म्हातारा झाला तर कौन्सिल बघणार, तेही तुमचं बँकबुक तपासून.

तरी बराच काळ केअर वर्कर कौन्सिलच्या नोकरीत असायचे, ठरलेली श्रेणी, युनियन, पेन्शन सगळं होतं. मग १९९० चा एनएचएस अँड कम्युनिटी केअर ॲक्ट आला, १९९३ पासून नीट लागू झाला, आणि कौन्सिलांनी स्वतः केअर द्यायच्या ऐवजी बाहेरून विकत घ्यायला सुरुवात केली. आज इंग्लंडात हजारो वेगवेगळ्या संस्था आणि कंपन्या केअर देतात, प्रत्येकीचा मालक वेगळा, त्यामुळे पगाराची बोलणी करायला एक टेबलच नाही. एनएचएसमध्ये आहे. आणि या कामात दहातल्या साधारण आठ बायका आहेत, म्हाताऱ्या माणसाचं करणं हे घरातलंच काम आहे असं धरून त्याची किंमत लावली गेली, हे माझं स्वतःचं मत आहे आणि मी ते बदलणार नाही.

५. म्हणजे कंपनीचा मालक पैसे खातो, असंच ना?

काही खातात. पण सगळ्यांना एका मापाने मोजू नका. कौन्सिल तासाचा जो रेट देते त्यात पगार, दोन घरांमधल्या प्रवासाचा वेळ, सुट्टी, ट्रेनिंग, ऑफिस, विमा सगळं बसवायचं असतं, आणि अनेक कौन्सिलचा रेट त्याला पुरत नाही. त्यात एप्रिल २०२५ पासून मालकाने पगारावर सरकारला भरायचा नॅशनल इन्शुरन्स १३.८ वरून १५ टक्के झाला आणि तो लागू व्हायची मर्यादा ९,१०० वरून ५,००० पौंडांवर आली, म्हणजे कमी पगाराच्या, पार्ट टाइम माणसांवरच बोजा जास्त. याचे पैसे सरकारने एनएचएसला भरून दिले, खासगी केअर कंपन्यांना दिले नाहीत. म्हणून मी म्हणते, मालकाशी भांडायचंच, पण पगार खाली दाबणारा हात बऱ्याचदा वरून, सरकारी बजेटमधून येतो हे ही माहीत असू दे.

६. माझा रोटा (ड्युटीचं वेळापत्रक) सकाळी ७ ते रात्री १० आहे, पण पैसे ८ तासांचेच मिळतात. हे कायदेशीर आहे का?

बऱ्याचदा नाही. एका क्लायंटकडून दुसऱ्याकडे जायचा वेळ किमान वेतनाच्या हिशोबात कामाचाच वेळ आहे. घरातून पहिल्या कॉलला, म्हणजे पहिल्या क्लायंटकडे, आणि शेवटच्या कॉलवरून घरी, हा साधारणपणे धरत नाहीत. मध्ये मोठी गॅप असेल, तुम्ही घरी जाऊन स्वतःचं काही करू शकत असाल, तर ती पण नाही.

हिशोब असा करा. समजा कॉलचे ८ तास, मधल्या प्रवासाचे २ तास, आणि कंपनी फक्त कॉलचे देते, तासाला १२.६०. झाले १००.८०. त्याला १० ने भागा, १०.०८ येतात. किमान १२.२१ पाहिजेत, म्हणजे कमी पगार दिलाय. पेस्लिपवर १२.६० छान दिसतं, फसू नका. (हिशोब दिवसाचा नाही, पूर्ण पे पीरियडचा करतात, पण पद्धत हीच.)

रोज डायरीत लिहा, पहिल्या कॉलला किती वाजता पोचले, कुठून कधी निघाले, ॲपचे स्क्रीनशॉट ठेवा. तक्रार एचएमआरसीकडे (टॅक्स खात्याकडे) करता येते, आणि ते सहा वर्षं मागपर्यंतचा फरक वसूल करू शकतात. आधी नुसतं विचारायचं असेल तर एकॅसची (नोकरीतल्या वादांवर सल्ला देणाऱ्या सरकारी संस्थेची) हेल्पलाइन फुकट आहे. सीक्यूसी (केअरचा दर्जा तपासणारी संस्था) पगाराचे वाद सोडवत नाही, तिथे वेळ घालवू नका.

७. पेट्रोल स्वतःच्या खिशातून जातं, त्याचं काय?

कामासाठी केलेला आणि कंपनीने परत न दिलेला खर्च किमान वेतनाच्या हिशोबात पगारातून वजा धरतात. वरच्या उदाहरणात दोन क्लायंटमधल्या प्रवासाचं पेट्रोल पण घाला, आकडा अजून खाली जाईल. शिवाय मैलाला ४५ पेन्सपेक्षा (पहिल्या १०,००० मैलांपर्यंत) कमी मिळत असेल तर उरलेल्या फरकावर टॅक्स रिलीफ मागता येतो.

८. स्लीप-इन करते, रात्री क्लायंटच्या घरी झोपायचं, एका रात्रीचे ठरलेले पैसे. पूर्ण तासांचे मागता येतील का?

नाही, आणि हे सांगताना मला अजून वाईट वाटतं. मार्च २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने मेनकॅप या संस्थेच्या केसमध्ये निकाल दिला की स्लीप-इनमध्ये झोपायची परवानगी असलेल्या वेळेला किमान वेतन लागू नाही, फक्त प्रत्यक्ष उठून काम केलं तेवढ्याच वेळेला आहे. म्हणून रात्री २ ला उठलात, २:४० ला परत पडलात, तर तेवढं लिहून ठेवा. पण तुमच्याकडून रात्रभर जागं राहायची अपेक्षा असेल तर ती स्लीप-इन नाहीच, ती वेकिंग नाइट आहे आणि प्रत्येक तासाचे पैसे मिळायला हवेत. नाव काय दिलंय ते बघू नका, रात्री काय करायला लावतात ते बघा.

लिव्ह-इन करणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट: पूर्वी "घरातल्या माणसासारखी राहते" असं म्हणून किमान वेतन टाळता यायचं, ती सवलत १ एप्रिल २०२४ पासून रद्द झाली.

९. आम्ही इन्सुलिन देतो, कॅथेटर बघतो, पेगने (पोटात बसवलेल्या नळीने) फीड देतो. ही नर्सची कामं नाहीत का? त्याचे जास्त पैसे?

डिस्ट्रिक्ट नर्स (घरोघरी जाणारी एनएचएसची नर्स) ही कामं ट्रेनिंग देऊन तुमच्याकडे सोपवू शकते, पण सोपवलं म्हणून पगार वाढवायचं बंधन कोणावर नाही. एनएचएसमध्ये बघा, एचसीएंनी युनियनमार्फत लढून हे मान्य करून घेतलं की क्लिनिकल कामं करणारी बाई बँड २ नाही, बँड ३ आहे, आणि बऱ्याच ठिकाणी मागचा फरकही मिळाला. ते शक्य झालं कारण तिथे कामाचं वर्णन आणि बँड कागदावर लिहिलेलं असतं. केअरमध्ये दाखवायला तो कागदच नाही. निदान एवढं करा, ट्रेनिंग झाल्याशिवाय आणि लेखी सही असल्याशिवाय ही कामं घेऊ नका, चूक झाली तर नाव तुमचं येतं.

१०. पाच वर्षं झाली, नवीन आलेल्या मुलीएवढाच पगार आहे. असं कसं?

किमान वेतन दरवर्षी वाढतं, तेवढाच नवीन मुलीचा पगार वाढतो, आणि तुमच्यासाठी वेगळा पैसा कंपनी काढत नाही, म्हणून खालची पायरी वर येऊन तुमच्या पायरीला चिकटते. पाच वर्षांच्या अनुभवाची किंमत या धंद्यात तासाला काही पेन्सच आहे. लोक कंटाळून निघून जातात, २०२१-२२ मध्ये इंग्लंडातल्या केअरमधल्या १०.६ टक्के जागा रिकाम्या होत्या, म्हणजे साधारण १,६४,०००. तेव्हाच तर परदेशातून माणसं आणायला दार उघडलं, आणि आपल्यातले बरेच त्याच दारातून आले.

११. माझ्या क्लायंटच्या केअरचे पैसे एनएचएस देते. मग मला एनएचएसचा पगार नको का मिळायला?

कंटिन्युइंग हेल्थकेअर म्हणतात ते. ज्याची मूळ गरजच आरोग्याची आहे असं ठरतं त्याचा पूर्ण खर्च एनएचएस उचलते, पण केअर तुमच्याच कंपनीकडून विकत घेते. तुमचा मालक बदलत नाही, म्हणून पगारही बदलत नाही. एकाच घरात सकाळी एनएचएसची नर्स येते आणि तिला एक पेन्शन, तुम्हाला दुसरी.

नर्सिंग होममधल्या (नर्स असलेल्या केअर होममधल्या) नर्सेसचंही तसंच आहे, त्यांच्या कामासाठी एनएचएस होमला दर रहिवाशामागे आठवड्याला पैसे देते, पण अजेंडा फॉर चेंज त्यांना लागू होत नाही.

१२. इक्वल पेची केस टाकता येईल का? समान काम समान वेतन?

एनएचएसच्या माणसाशी तुलना करून नाही. इक्वल पेच्या कायद्यात पगार ठरवणारा हात एकच असावा लागतो, युरोपियन कोर्टाने २००२ मध्ये लॉरेन्सच्या केसमध्ये हे स्पष्ट केलं, तिथे कौन्सिलचं काम खासगी कंपन्यांकडे गेलेल्या बायका होत्या. शिवाय हा कायदा बाई आणि पुरुष यांच्या पगारातल्या फरकाबद्दल आहे. तुमच्याच कंपनीत पुरुषाला त्याच किंवा तेवढ्याच मोलाच्या कामाचे जास्त मिळत असतील तर मात्र युनियनला नक्की विचारा.

१३. मी एजन्सीमार्फत एनएचएसच्या वॉर्डात शिफ्ट करते, मला कुठला पगार?

इथे बाजू तुमची आहे. २०१० च्या एजन्सी वर्कर्स रेग्युलेशन्सप्रमाणे एकाच ठिकाणी एकाच कामात १२ आठवडे झाले की मूळ पगार आणि सुट्टी तिथल्या कायम स्टाफएवढी मिळायला हवी. सिक पे आणि पेन्शन यात येत नाहीत. एजन्सीपेक्षा हॉस्पिटलच्या बँकवर (लागेल तशा शिफ्ट करणाऱ्यांच्या त्यांच्या स्वतःच्या यादीवर) नाव घाला, तिथे एनएचएस पेन्शनही असते.

१४. स्कॉटलंड, वेल्सला जास्त मिळतं म्हणतात, खरं का?

हो, थोडं. स्कॉटलंडने एप्रिल २०२५ पासून केअर स्टाफला किमान १२.६० ठरवले, वेल्समध्ये २०२२ पासून रियल लिव्हिंग वेज (जगण्याच्या खर्चावरून ठरवलेला, किमान वेतनापेक्षा जास्त रेट) देण्यासाठी सरकार पैसे देतं. करोनात ५०० पौंडांचं बक्षीस स्कॉटलंडने एनएचएस आणि केअर दोघांनाही दिलं. इंग्लंडात २०२३ मध्ये एनएचएस स्टाफला किमान १,६५५ पौंड एकरकमी मिळाले तेव्हा केअर होमवाल्यांना काही नाही.

नॉर्दर्न आयर्लंड बघा, तिथे १९७३ पासून आरोग्य आणि सोशल केअर एकाच छताखाली आहेत. ट्रस्टने (तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेने) नोकरीला ठेवलेली होम केअर वर्कर तिथे अजेंडा फॉर चेंजवर असते. तिच्याच रस्त्यावर खासगी कंपनीची वर्कर मात्र नसते. पहिल्या प्रश्नात म्हटलं तेच, मालक कोण यावर सगळं.

१५. मी केअर व्हिसावर आहे, माझ्यासाठी वेगळा पगार आहे का? तक्रार केली तर व्हिसा जाईल का?

९ एप्रिल २०२५ पासून दिलेल्या स्पॉन्सरशिपवर (व्हिसासाठी कंपनीने दिलेल्या हमीवर) तासाला किमान १२.८२ आणि वर्षाला २५,००० पौंड हवेत, म्हणजे तासाचा रेट बँड २ पेक्षाही जास्त. रविवार, आजारपण, पेन्शन वेगळं, ते तिसऱ्या प्रश्नात आहेच. सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिपची फी कंपनीने तुमच्याकडून घ्यायची नाही. गावाकडे जमीन गहाण टाकून एजंटला लाखांनी पैसे दिलेल्या मुली मला भेटल्यात, आणि इथे आल्यावर आठवड्याला फक्त १२ तास काम. हा अन्याय आहे आणि त्यात तुमची चूक नाही.

पगाराची तक्रार केल्यामुळे व्हिसा रद्द होत नाही. पण कंपनीचं स्पॉन्सर लायसन्स गेलं किंवा नोकरी गेली तर होम ऑफिस (व्हिसा बघणारं सरकारी खातं) साधारण ६० दिवस देते नवीन स्पॉन्सर शोधायला, ही भीती खरी आहे, म्हणून आधी युनियनमध्ये जा, कागद गोळा करा, मग तक्रार करा. परदेशातून नवीन भरती २२ जुलै २०२५ पासून बंद आहे, त्यामुळे इथे आधीच असलेल्या माणसांची कंपन्यांना गरज आहे. लायसन्स गेलेल्या कंपन्यांच्या वर्कर्सना नवीन जागा शोधायला मदत करणाऱ्या प्रादेशिक भागीदारी आहेत, कौन्सिलला विचारलं की पत्ता मिळतो. व्हिसाचा सल्ला रजिस्टर्ड सल्लागाराकडूनच घ्या, माझ्याकडून सुद्धा नको.

१६. आम्ही गोव्याचे, पोर्तुगीज पासपोर्ट, सेटल्ड स्टेटस (इथे कायम राहायचा हक्क) आहे. एनएचएसमध्ये जाऊ का?

तुम्ही स्पॉन्सरला बांधलेले नाही, त्यामुळे हवं तिथे अर्ज करा. केअरचा अनुभव अर्जात नीट लिहा, "मदत केली" असं नको, "डिमेन्शिया असलेल्या सहा जणांची रात्रपाळी एकटीने सांभाळली" असं लिहा. मी गेले. पण जाताना माझ्या एका आजींना सांगायला मला तीन दिवस लागले, चार वर्षं रोज सकाळी मीच त्यांचे केस विंचरत होते. कोणी नाही गेलं तर मी त्याला मूर्ख म्हणणार नाही.

१७. फेअर पे ॲग्रीमेंट येतंय म्हणे, मग एनएचएसएवढा पगार होणार का?

एम्प्लॉयमेंट राइट्स ॲक्ट २०२५ ला डिसेंबर २०२५ मध्ये मंजुरी मिळाली, त्यात केअरसाठी एक वाटाघाटी मंडळ आहे, मालक आणि युनियन एका टेबलावर बसून इंग्लंडभर किमान पगार आणि अटी ठरवणार. चौथ्या प्रश्नात मी ज्या टेबलाबद्दल म्हटलं ते हेच. सरकारने ५०० मिलियन पौंड जाहीर केलेत आणि पहिला करार २०२८ मध्ये लागू करायचं ठरलंय. एनएचएसच्या बरोबरीचं वचन मात्र कुठेही दिलेलं नाही. आणि पंधरा लाखांच्या वर नोकऱ्या आहेत या क्षेत्रात, ५०० मिलियनला त्यांनी भागलं तर माणशी वर्षाला सव्वातीनशे पौंडांच्या आसपास येतात, म्हणजे वरच्या हिशोबातले चार रविवार. म्हणून आत्ताच युनियनमध्ये नाव घाला, त्या टेबलावर आपली संख्या मोजली जाणार आहे.

१८. आपल्याकडे महाराष्ट्रात तर अंगणवाडी ताईंना पगारच म्हणत नाहीत, त्याबद्दल पण लिहा ना.

बरोबर, तिथे "मानधन" म्हणतात, आणि त्या एका शब्दामुळेच श्रेणी, पेन्शन सगळं नाकारलं जातं. एप्रिल २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने अंगणवाडी सेविका आणि मदतनीसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला, ते मोठं पाऊल होतं. आशाताईंचं पण लिहायचंय, त्यावर वेगळं पान करते.

१९. आम्ही उलट बाजूचे, सासूबाईंसाठी स्वतः पैसे भरतो. येणाऱ्या मुलीला त्यातले किती मिळतात कसं कळणार?

हा प्रश्न एकाच ताईंनी विचारला पण ठेवलाय. २३,२५० पौंडांच्या वर बचत असेल तर इंग्लंडात सगळा खर्च स्वतःचा, आणि ही मर्यादा २०१० पासून हललेली नाही. एजन्सीला करार करायच्या आधी सरळ विचारा: मुलीला तासाला किती देता, प्रवासाच्या वेळेचे देता का, आजारी पडली तर काय, अर्ध्या तासाच्या कॉलनंतर पुढच्या घरी पोचायला किती मिनिटं ठेवलीत. जी एजन्सी हे मेलवर लिहून देते तिच्याकडे जा. आणि मुलगी आली की तिला पाच मिनिटं बसून पाणी पिऊ द्या, बहुतेक सकाळपासून ती गाडीतच असते.